हळदी-कुंकवात वाण म्हणून मिळालेली क्रीमची डबी आणि माझा चेहरा

सांगली-मिरजेत घरगुती क्रीमचा एक धंदा फार पसरलाय. त्याची दुकानात पाटी नसते, जाहिरात नसते. एकीचा चेहरा उजळलेला दिसला की दुसरी विचारते, दुसरीचा बघून तिसरी, असं ते तोंडी पसरत जातं. त्यात मी फसले आणि माझे गाल अजून पूर्ण सावरलेले नाहीत. मी विचारायचे ते प्रश्न विचारले होते. प्रत्येक प्रश्नाला विकणाऱ्या बाईकडे तयार उत्तर होतं. ती उत्तरं कशी असतात हे आधीच माहीत असलं तर पुढची बाई तिथल्या तिथं थांबेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आले. गोरं व्हायची मला हौस नव्हती, तेवढे डाग जावेत एवढीच इच्छा होती. संक्रांत ते रथसप्तमी आमच्या विश्रामबागेकडे घरोघरी हळदी-कुंकू असतं. अशाच एका ठिकाणी घरच्या खोलीत पार्लर चालवणाऱ्या बाईंनी वाण म्हणून छोट्या डब्या लुटल्या. वर सोनेरी स्टिकर, हळकुंडाचं चित्र, ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’. मला म्हणाल्या, “वहिनी, आपल्या सांगलीची हळद, केशर आणि बदामाचं तेल. घरीच करते मी. आधी लावून तर बघा, मग घ्या की.”

सांगलीत हळदीच्या नावावर कुणाचाही विश्वास बसतो. आपल्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, मार्केट यार्डातल्या हळदीच्या सौद्यांवर कितीतरी घरं चालतात. या विश्वासाचाच तिनं वापर केला, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

तीन-चार दिवसांत चेहरा असा उजळला की शेजारच्या काकूंनी थांबवून विचारलं. हा वेगच खरी धोक्याची खूण असतो, हे मला पुढं डॉक्टरांनी समजावलं. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात. वांगाचा रंग बऱ्याचदा त्वचेत खोलवर असतो, तो हलायला महिने जातात. मग चार दिवसांत काय होतं? अशा क्रीममध्ये स्टेरॉइड, म्हणजे सूज-लाली दाबणारं औषध, चोरून घातलेलं असतं. त्यानं त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि चेहरा फिकट, गुळगुळीत दिसतो. लावायच्या स्टेरॉइडची ताकद मोजायची एक जुनी पद्धतच त्वचा किती पांढरी पडते यावर आधारलेली आहे. म्हणजे आपण ज्याला ‘ग्लो’ म्हणतो तो औषधाचा परिणाम असतो, आणि ते औषध आपल्याला कुणी लिहून दिलेलंच नसतं.

पुढची डबी विकत घ्यायच्या आधी मी त्या पार्लरवाल्या बाईंना सरळ विचारलं होतं, “यात स्टेरॉइड नाही ना?” त्या जराही गडबडल्या नाहीत. आतून प्लास्टिकच्या फाइलमधला कागद आणला. लॅबचा शिक्का, खाली सही, ‘स्टेरॉइड आढळले नाही, पारा आढळला नाही’. त्या कागदापुढं कोण काय बोलणार? पण तपासणीचा अहवाल एका ठरावीक मालाचा, ठरावीक बॅचचा असतो. डबीवर बॅच नंबरच नसेल तर तो कागद त्या डबीचा आहे हे कुठल्याच मार्गानं सिद्ध होत नाही. इंटरनेटवरून कुणाचाही अहवाल छापून आणता येतो. कुणी असा कागद दाखवला तर तो हातात घ्या, त्यावरचा बॅच नंबर शोधा आणि डबीवर तोच आहे का ते बघा. एवढ्यानं बरीच दुकानं बंद होतील.

दिवसाच्या क्रीमनंतर रात्रीचं क्रीम आलं. मोत्यासारखं चमकणारं, “बाहेरच्या देशातलं” म्हणून चौदाशे रुपयांना. डब्यावर परदेशी अक्षरं होती, भारतात आणणाऱ्याचं नाव-पत्ता नव्हता. ते देताना त्यांनी बजावलं, “लावताना मंगळसूत्र आणि कानातलं काढून ठेवा हं, सोन्याला लागू देऊ नका.” कारण विचारलं तर म्हणाल्या, तेलानं सोन्याची चमक जाते.

उन्हाळा लागला तसा चेहरा बोलू लागला. गॅसपुढं उभं राहिलं की गाल पेटल्यासारखे व्हायचे. उन्हात दोन मिनिटं गेले तरी लालबुंद. हनुवटीवर एकसारखे बारीक फोड, गालावर कोवळी लव, नाकाच्या बाजूला लाल रेघा. मी क्रीम बंद केलं तर दोन दिवसांत चेहरा सुजला, इतकी आग की गार पाण्याचं फडकं ठेवून झोपावं लागलं. फोन केला तर उत्तर तयार: “आतली घाण बाहेर पडतेय. तुम्ही मध्येच बंद केलंत म्हणून झालं. परत सुरू करा, बसेल.” सुरू केलं आणि खरंच बसलं.

ही फसवणुकीची सगळ्यात पक्की गाठ आहे. त्वचेला स्टेरॉइडची सवय लागली की ते थांबवल्यावर आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात, आग होते, फोड येतात. परत लावलं की शांत होतं. त्यामुळे बाईला वाटतं, क्रीम चांगलंच आहे, माझी त्वचाच वाईट. विकणारीला हे पक्कं माहीत असतं. गिऱ्हाईक दर महिन्याला परत येणार, तेही घाबरून. म्हणून कुठलंही क्रीम बंद केल्यावर चेहरा पेटत असेल तर ते परत विकत घेऊ नका, तीच डबी घेऊन डॉक्टरकडे जा.

माझे डोळे उघडले ते मामामुळं. मामा विट्याकडचे, आयुष्यभर तमिळनाडूत गलईचा धंदा केलेले. आपल्या जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली शेकडो घरं देशभर सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत, त्यांना धातूचं वेगळं शिकवावं लागत नाही. घरी आले होते, मी सहज मंगळसूत्र काढून ठेवताना म्हटलं की हे क्रीम सोन्याला लावायचं नसतं. मामांनी हातातला चहा खाली ठेवला. “पोरी, सोन्याला लागलं तर पांढरं पडतं ते एकच. पारा. तोंडाला काय लावतेयस तू?”

पारा सोन्यात मिसळतो हे गलईवाल्याच्या रोजच्या कामातलं ज्ञान. पारा त्वचेचा रंग तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून बेकायदा क्रीममध्ये तो घालतात. तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. उशी, टॉवेल, आईच्या गालाला गाल लावून झोपणारं मूल, सगळ्यांपर्यंत पोचतो. आपल्याकडे कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 प्रमाणे सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला बंदी आहे. चुकून आलेला असला तरी दहा लाखांत एक भाग यापेक्षा जास्त चालत नाही, डोळ्यांच्या प्रसाधनांची मर्यादा तेवढी वेगळी. अकोल्यातली बातमी आठवत असेल. 2023 च्या सुरुवातीला ती सगळीकडे आली होती. एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींनी ओळखीच्या ब्युटिशियनकडचं क्रीम वापरलं आणि तिघींच्या मूत्रपिंडाला त्रास झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी माग काढला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. त्याच वर्षी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातही गोरेपणाच्या क्रीममुळं मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण सापडले.

मिरजेच्या त्वचेच्या डॉक्टरबाईंनी माझा चेहरा बघितला आणि मी काही सांगायच्या आधीच विचारलं, “कुठलं क्रीम लावत होता?” अशा बायका त्यांच्याकडे रोज येतात. दिवसाचं क्रीम म्हणजे मेडिकलमधली शंभर-दीडशेची ट्यूब साध्या कोल्डक्रीममध्ये घोटून भरलेली असणार, असं त्या म्हणाल्या. या ट्यूबमध्ये मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असं एखादं स्टेरॉइड असतं. वांगासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन एकत्र असलेलं औषध डॉक्टरही देतात, पण ठरावीक आठवडे आणि देखरेखीखाली. 2018 मध्ये सरकारनं 14 लावायच्या स्टेरॉइडना शेड्यूल एचमध्ये पक्कं घातलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायचीच नाहीत. तरी ती गल्लीतल्या पार्लरपर्यंत पोचतात, आणि तिथं डबीवर हळदीचं चित्र चिकटतं.

रात्रीच्या क्रीममध्ये पारा असेल या शंकेनं, मूत्रपिंड ठीक आहे का बघायला त्यांनी लघवीतली प्रथिनं आणि रक्त तपासायला लावलं. माझ्या लघवीत प्रथिनं नव्हती. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी नीट जेवलं नाही.

आता हळदीबद्दल. हे मला सासूबाईंनी करून दाखवलं. कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लालसर होतो, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून कुंकू करतात तेही याच गुणामुळं. सासूबाईंनी ते ‘हळदीचं’ क्रीम पांढऱ्या रुमालाला फासलं, वर साबण घासला. रुमाल पांढराच राहिला. त्यात हळद नव्हतीच. लक्षात ठेवा, यानं फक्त हळद आहे की नाही एवढंच कळतं. रुमाल लाल झाला तर क्रीम सुरक्षित आहे असा अर्थ होत नाही, कारण चिमूटभर हळद टाकून वर स्टेरॉइड घालायला कुणाला अडचण नाही.

घ्यायच्या आधी डबी उलटी करून बघा. उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच नंबर, कधी बनवलं आणि कधीपर्यंत वापरायचं, घटकांची यादी, किंमत. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक. “घरी करते म्हणून लेबल नाही” हे उत्तर चालत नाही. विकायचं म्हटलं की परवाना लागतो, आयुर्वेदिक म्हणून विकायचं तरी लागतो. घटकांत मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड असं काही (ही पाऱ्याचीच नावं) दिसलं किंवा ‘दागिन्यांपासून दूर ठेवा’ लिहिलेलं असलं तर हातही लावू नका.

सध्या माझ्या आरशापुढं तीन गोष्टी आहेत: सौम्य फेसवॉश, सुगंध नसलेलं ग्लिसरीन-सेरामाइडचं मॉइश्चरायझर आणि एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन. सनस्क्रीन बोटाच्या टोकाएवढं घेऊन काही होत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर लांब रेघ ओढून जेवढं येईल तेवढं चेहरा आणि मानेला, आणि उन्हात राहायचं तर दोन-तीन तासांनी परत. वांगाला ऊन हेच खतपाणी आहे. स्कूटीवर स्कार्फ बांधते तो आता धुळीपेक्षा उन्हासाठी. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट असलं काही या काळात चेहऱ्याला लावू नका, पातळ झालेली त्वचा भाजते. केसांसाठी मात्र त्या बाईंकडून घेतलेलं तेल टाकून मी आईच्या खोबरेल तेलावर आणि शिकेकाईवर परत आले. त्यात दुसऱ्या कुणाचं मत मला नको.

तुम्ही आत्ता असं काही लावत असाल तर स्वतःच्या मनानं ते एकदम फेकून देऊ नका आणि लावतही राहू नका. लगेच त्वचेच्या डॉक्टरांना गाठा. पाऱ्याची शंका असलेलं क्रीम मात्र तिथल्या तिथं थांबवा. स्टेरॉइडचं क्रीम काहींना डॉक्टर एकदम थांबवायला लावतात, काहींचं टप्प्याटप्प्यानं कमी करतात, ते चेहरा बघूनच ठरतं. खिशाला परवडत नसेल तर सांगलीचं सिव्हिल आणि मिरजेचं शासकीय रुग्णालय आहे, तिथं त्वचा विभाग आहे. पहिल्या आठवड्यांत चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल. त्या दिवसांत घरच्यांनी साथ द्यायला हवी. माझे मिस्टर त्या काळात रोज भाजी-दूध स्वतः आणायचे, मला उन्हात जावं लागू नये म्हणून.

विकणाऱ्या बाईंनी मी जाब विचारताच नंबर ब्लॉक केला. पण पैसे यूपीआयनं गेले होते, त्याची नोंद आहे, व्हॉट्सॲपवरचे “परत सुरू करा” हे मेसेज आहेत आणि दोन्ही डब्या उरलेल्या क्रीमसकट जपून ठेवल्यात. अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे, त्यांचा टोल फ्री नंबर 1800 222 365. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 च्या कलम 26 प्रमाणे विकत घेतलेल्या वस्तूचा नमुना ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घ्यायचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. मी तोही अर्ज केलाय. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही.

आमच्याच हळदी-कुंकवातल्या ज्यांनी ती डबी नेली होती त्यांच्या घरी मी एकेक करून जाते आहे. दोघींनी आपल्या डब्याही तक्रारीला जोडायला दिल्या. एकीच्या मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे आणि तिला ते क्रीम सोडवत नाही. तिला घेऊन या सोमवारी मिरजेला जायचं ठरलंय.