चार तुकड्या, एक ताई: रोज थोडी की दिवसाआड पुरती?

पहिलीच्या दोन तुकड्या, दुसरीच्या दोन आणि चौघींत मिळून मदतनीस ताई एकच. ठाणे-नवी मुंबईच्या शाळांना हे गणित नवं नाही. शिक्षण हक्क कायद्यातलं 30 मुलांमागे एक हे प्रमाण शिक्षकांचं आहे. ताई त्या हिशेबात बसत नाही, म्हणून तिची वाटणी शाळेलाच करावी लागते.

तिला वर्षभर एकाच मोठ्या पटाच्या वर्गाला देऊन टाकायचं, हा मार्ग बाजूला ठेवू. बाकी तीन वर्गांचे पालक ते जुलैपर्यंत खपवून घेतील, फार तर ऑगस्ट. खरी निवड दोन पद्धतींत आहे. 'फिरती'त प्रत्येक तुकडीला रोज दोन सुट्या तासिका मिळतात. 'सलग'मध्ये आज दोन तुकड्यांना प्रत्येकी चार तासिका, उद्या उरलेल्या दोघींना. कागदावर वाटा सारखाच.

वर्गात मात्र सारखा राहत नाही. 30 मिनिटांच्या आठ तासिका धरल्या तर दिवसाची 240 मिनिटं. ताईने जिना चढणं, मुलांनी "ताई आल्या" म्हणून गलका करणं, जागा करून बसणं, यात दर प्रवेशाला सात-आठ मिनिटं जातात. फिरतीत असे आठ प्रवेश, म्हणजे तासभर पाण्यात. सलगमध्ये दोनच.

त्यातही खरा काटा म्हणजे दारातला प्रश्न: "बाई, आज काय करू?" बाई फळ्यावर 'क्ष' गिरवत असतात, त्या वळतात, आणि वळल्या की मागचे दोन बाक सुटलेच. सांगायला वेळ नाही म्हणून ताईच्या हाती पडतं ते वह्या तपासणं, पेन्सिलींना टोक करणं, नाहीतर कुणाला तरी शू-शूला नेणं. यावर उपाय म्हणून दाराशी चिठ्ठी-वही टांगतात. तिच्यात चार ओळी पुरतात: कोणती मुलं, कोणतं पान, काय करून घ्यायचं, काय टिपून ठेवायचं. पण फिरतीत चारही बाईंना रोज दोन-दोन चिठ्ठ्या लिहाव्या लागतात, आणि त्या पहिल्या आठवड्यानंतर कोणी लिहिताना दिसत नाही. दिवसाआड एक चिठ्ठी लिहून होते. माझा कौल मुख्यतः एवढ्यावरच 'सलग'कडे गेला.

फिरतीची बाजूही लंगडी नाही. शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि पहिलीची मुलं रडणं, ओले मोजे, रेनकोटची बटणं हे सगळं एकदमच घेऊन येतात. तेव्हा दिवसाआडची ताई काय कामाची? पहिले चार आठवडे फिरतीच ठेवावी, हवं तर पहिलीला झुकतं माप देऊन. शिवाय मुंबई आणि बडोद्यात 2001 ते 2003 दरम्यान 'बालसखी' उपक्रमाची चाचणी झाली, त्यात तिसरी-चौथीच्या मागे पडलेल्या 15-20 मुलांचा गट बालसखी रोज घेत असे आणि मुलांचे गुण वाढले. 'रोज' हा मुद्दा फिरतीच्या बाजूने जातो, हे कबूल. पण तो वेळ दिवसाला सुमारे दोन तासांचा होता आणि काम ठरलेलं होतं. अर्ध्या तासाच्या तुकड्यांतून ते साधेल असं मला वाटत नाही.

दोन तास हाती असले की वाटणी उलटीही करता येते. कच्ची पाच मुलं ताईकडे सोपवून बाईंनी उरलेला वर्ग घ्यायचा, ही सवय सगळीकडे दिसते. इंग्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचा 2009 मधला निष्कर्ष असा की, ज्या मुलांना सहायकांची मदत सर्वांत जास्त मिळाली त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाली. ती मुलं शिक्षकापासूनच दूर पडत गेली. म्हणून पहिल्या दोन तासिका ताईने बाकी वर्गाकडून काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून दशक-एकक करून घ्यावं आणि बाईंनी ती पाच मुलं बाराखडीसाठी जवळ घ्यावीत. पुढच्या दोन तासिकांत ताईने एकेकाचं वाचन ऐकावं, प्रत्येकी पाच-सहा मिनिटं.

सलगमध्ये दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पाळी वारांवर बांधली की गणपतीची सुट्टी किंवा अतिवृष्टीचा दिवस एकाच जोडीच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येतो. म्हणून पाळी 'अ दिवस, ब दिवस' अशी मोजावी. 'अ' बुडला तर शाळा उघडेल त्या दिवशी 'अ'च. दुसरा घोळ प्रॉक्सीचा. एखाद्या बाई रजेवर गेल्या की मोकळी दिसणारी ताईच त्या वर्गावर पाठवली जाते, आणि सलगमध्ये एका जोडीचा अख्खा दिवस जातो. तोही बुडीत दिवसच धरून पुढे ढकलावा, आणि तसं मुख्याध्यापकांकडून जूनमध्येच लिहून घ्यावं. ऑगस्टमध्ये मागायला गेलात तर "बघू" एवढंच ऐकायला मिळतं.