फॉरमॅटची भाषा न करणारं दुकान, फोंडा

फोंड्याच्या वरच्या बाजारात जिन्याखालच्या गाळ्यात हे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. चार तारे देतेय, ते इथल्या पोराने मशीनला हात लावण्याआधी मेसेज नीट वाचला म्हणून.

माझं डीटीपीचं काम. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, भजनी स्पर्धेची प्रमाणपत्रं. कॉम्प्युटर लावला की 'एमएसव्हीसीआर१००.डीएलएल इज मिसिंग' अशी चौकट यायची आणि मराठी कीबोर्डचा प्रोग्राम चालूच व्हायचा नाही. आधी ज्याच्याकडे गेले त्याने कुठल्याशा साइटवरून ती एक फाइल उतरवून विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये टाकली. फरक शून्य. मग म्हणाला, व्हायरस असेल, फॉरमॅट मारूया. चतुर्थी तोंडावर, आणि जुने फॉन्ट नि त्यांची लायसन्स परत बसवत कोण बसणार?

इथल्या पोराने चौकटीच्या वरच्या पट्टीवर बोट ठेवलं. कुठला प्रोग्राम अडलाय ते तिथेच लिहिलेलं असतं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये, म्हणजे मशीनसोबत आपोआप चालू होणाऱ्या प्रोग्रामच्या यादीत, त्याने तो बंद केला, मशीन रीस्टार्ट केलं, चौकट गायब. हाताने प्रोग्राम उघडला, चौकट हजर. म्हणजे गडबड त्या एका प्रोग्रामापुरतीच. "बाय, फॉरमॅट करपाची गरज ना."

ती हरवलेली फाइल मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी प्लस प्लस २०१० या पॅकेजातून येते. बसवलेल्या प्रोग्रामच्या यादीत त्याची एक्स६४, म्हणजे ६४ बिटची नोंद होती, एक्स८६, म्हणजे ३२ बिटची नव्हती. एकाच नावाच्या इतक्या नोंदी कशाला म्हणून साफसफाईत कोणीतरी उडवली असणार. कीबोर्डचा प्रोग्राम ३२ बिटचा, त्याला मशीन ६४ बिटचं असलं तरी एक्स८६च लागतं. नवीन, २०१५ नंतरचं पॅकेज होतं, पण त्यात २०१० ची फाइल येत नाही. आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटच्या फाइली सिसवॉव६४ नावाच्या फोल्डरमध्ये राहतात, सिस्टम३२ मध्ये नाही. (ही नावं ठेवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.) ती उपरी फाइल काढली, २०१० चं एक्स८६ मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घेऊन बसवलं, स्टार्टअप परत चालू केलं. कीबोर्ड आला.

दोनशे रुपये घेतले. एक तारा कापला तो फोन न उचलण्याबद्दल. दुपारी एक ते चार बंद असतं, बसायला एकच खुर्ची, आणि पक्कं बिल हवं असेल तर आधीच सांगा, नाहीतर चिठ्ठीवर आकडा लिहून देतो.