गळका कार्बोरेटर: किट टाकायचं, नवा बसवायचा की जुन्या बाजारातून आणायचा?

आरएक्स १००, जुनी स्प्लेंडर किंवा तशीच एखादी गाडी, सकाळी पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास आणि कार्बोरेटरखाली ओला डाग. कंपनीच्या नव्या कार्बोरेटरचा खर्च नको असेल तर पुण्यात तीन वाटा उरतात. आहे त्यालाच रिपेअर किट (नवी नीडल, पॅकिंग, ओ-रिंग) टाकायचं, नाना पेठेतून नवा लोकल आणायचा, नाहीतर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात ओरिजिनल शोधायचा. १०० सीसीच्या गाडीला किट साधारण १५० ते ३०० रुपयांत येतं, लोकल कार्बोरेटर हजार-दीड हजाराच्या आसपास पडतो आणि जुन्या बाजारातला तुमच्या घासाघिशीवर आहे.

पैसे काढण्याआधी गळती नेमकी कुठून आहे ते पाहा. निम्मा निर्णय तिथेच होतो. कार्बोरेटर पुसून कोरडा करा, गाडी मेन स्टँडला लावा आणि पेट्रोलचा कॉक उघडा. वाटीच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं त्या भांड्याच्या, सांध्यातून ओल आली तर पॅकिंग गेलंय. ड्रेन स्क्रूपाशी थेंब धरत असेल तर तिथली ओ-रिंग. जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या ओव्हरफ्लोच्या नळीतून येत असेल तर वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी नीडल, ती जिथे टेकते ती सीट किंवा तिला वर ढकलणारा तरंगता फ्लोट. फक्त साइड स्टँडलाच गळत असेल तर बहुतेक फ्लोटची पातळी जास्त आहे.

एक कारण मात्र चांगल्या मेकॅनिकच्याही नजरेतून सुटतं. बऱ्याच कार्बोरेटरच्या वाटीत मधोमध किंवा कडेला ओव्हरफ्लोची एक बारीक पितळी नळी उभी असते. तिला केसाएवढी चीर गेली की नीडल कितीही नवी टाका, गळती थांबत नाही. वाटी हातात सरळ धरा, नळीच्या वरच्या टोकाच्या जरा खालपर्यंत पेट्रोल भरा आणि खालचं तोंड पाहत राहा. पाझरलं तर किटचा उपयोग नाही, नळीला सोल्डरचा डाग द्यावा लागेल. एम-सील लावू नका, पेट्रोलमध्ये ते टिकत नाही. आणि ओव्हरफ्लोची नळी बुजवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बाहेर पडणारं पेट्रोल मग थेट इंजिनात उतरतं.

आता लोकल नव्याबद्दल. त्याची जमेची बाजू खरी आहे: अर्ध्या तासात बसतो, गळती त्याच दिवशी थांबते, आटे गेलेले स्क्रू, दबलेलं पॅकिंग असले जुने प्रश्न एकदम संपतात. ज्याला गाडी उद्या सकाळी कामावर न्यायची आहे, त्याने हा घेतला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. माझं मन त्यावरून उडालं ते एकाच गोष्टीमुळे, ती म्हणजे स्लो, रेस न देता इंजिन ज्या वेगाने चालू राहतं तो.

गाडी थंड असताना स्लो छान लागतो. पाच-सहा किलोमीटर चालून इंजिन तापलं की तोच स्लो एकतर चढून बसतो, नाहीतर उतरत उतरत गाडी बंद पडते. स्वारगेटला उतरतो म्हणून स्क्रू आवळावा, तर नळ स्टॉपला गाडी भणभणत उभी. हवेचं प्रमाण लावणारा एअर स्क्रू पाव-पाव फेरी फिरवून जागा शोधली तरी दुसऱ्या दिवशी ती हललेली असते. मग प्रत्येक सिग्नलला हलकी रेस देत उभं राहायचं. मला दिसलेली कारणं दोन. स्लाइड, म्हणजे रेस दिली की वर सरकणारा दट्ट्या, बॉडीत जरा सैल बसते, त्यामुळे तिच्या कडेने जादा हवा जाते. आणि स्लोला पेट्रोल देणाऱ्या बारीक भोकाच्या पायलट जेटवर कोरलेल्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, त्यामुळे एक नंबर मोठा जेट टाकूनही फरक पडेलच असं नाही. ॲव्हरेजही थोडं घसरल्यासारखं वाटतं, मी मोजून पाहिलेलं नाही. सगळेच लोकल कार्बोरेटर असे असतील असंही नाही. कुणाला चांगला नग लागतो आणि त्याची तक्रार नसते. पण निवडून घेता येत नाही, हीच अडचण.

जुन्या बाजारातला ओरिजिनल पारखता येत असेल तरच घ्या. स्लाइड वर-खाली करून ती खुळखुळते का पाहा. इंजिनाला बसणाऱ्या फ्लँजवर स्टीलची पट्टी आडवी धरा, मध्ये उजेड दिसला तर जास्त आवळून ती वाकली आहे. विकणारा वाटी उघडू देत नसेल तर सोडून द्या.

राहिलं किट. माझा कल इकडे आहे, कारण मूळ बॉडी आणि मूळ जेट जागेवर राहतात आणि स्लो पूर्वीसारखाच लागतो. मात्र काम सावकाश करावं लागतं. कॉक बंद करून, मोकळ्या हवेत, आसपास विडी-सिगारेट नको. वाटीचे स्क्रू जपानी घाटाचे असतात, त्यात साधा स्क्रू ड्रायव्हर घसरतो आणि तोंड जातं. खाचेत पक्कं बसणारं टोक घ्या आणि दाबून फिरवा. एअर स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण बंद व्हायला किती फेऱ्या लागतात ते लिहून ठेवा.

जुन्या नीडलच्या टोकावर गोल खाच पडलेली दिसेल, तीच गळती. सीट नीट बघा. मिकुनी कंपनीच्या बऱ्याच कार्बोरेटरमध्ये ती आट्यांची असते आणि पान्याने निघते, तिच्याखालचा वॉशरही बदला. केहिन कंपनीच्या बऱ्याच मॉडेलात ती बॉडीत ठोकलेली असते, तिथे कान साफ करायच्या कापसाच्या काडीवर थोडं ब्रासो घेऊन बोटांनी फिरवा आणि स्वच्छ धुवा. पॉलिश पेपर घालू नका. फ्लोट कानाजवळ हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो बाद. पातळी कमी-जास्त करायला फ्लोटची पत्री किंचित वाकवतात, पण पत्री प्लास्टिकची असेल तर तिला हात लावू नका. जुळणी झाली की कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या तोंडातून फुंका: हवा अडली पाहिजे, सरळ केल्यावर मोकळी गेली पाहिजे.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, जुन्या प्रकारचं रबर त्यात फुगतं. म्हणून अगदी स्वस्तातलं किट टाळा. टाकीत गंज असेल तर पारदर्शक फिल्टर टाका, नाहीतर नवी नीडलही त्याच कचऱ्यावर अडकेल. गाडी फोर स्ट्रोक असेल आणि गळती बरेच दिवस चालू असेल तर ऑइलची कांडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वर गेलेली दिसली तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नका.

आणि किट आणायला जाताना जुनी नीडल खिशात घालून न्या. काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून लांबी जुळवा आणि नव्या नीडलची मागची पिन बोटाने दाबून पाहा, ती अलगद आत जाऊन परत बाहेर यायला हवी. नुसतं गाडीचं नाव सांगितलं तर मिलिमीटरभर लांब नीडल हातात पडू शकते, आणि तेवढ्यानेही वाटीतली पातळी बदलते.