आठ महिने बहमनी सांभाळताना: ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’चा अनुभव

पहिल्या डावात मी अकरा वर्षांत दिवाळं काढलं. सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात सतरा वर्षं हिशेब लिहितोय, पण बिदरच्या सुलतानाचा खजिना काही मला १४५५च्या पुढे रेटता आला नाही. भाचा पुण्याहून फोनवर हसत होता. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला आला तेव्हा त्यानेच हा गेम माझ्या लॅपटॉपवर घालून दिला. ‘मामा, तुम्हाला इतिहासाचं वेड आहे ना, मग बसा आता.’ बसलो. स्टीम (ज्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतला ते) आता चारशेच्या वर तास दाखवतंय, म्हणजे चार शब्द लिहायला हरकत नाही.

गेम स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीचा, ऑगस्ट २०१३चा. डाव सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ला, म्हणजे वार्नाच्या लढाईत तुर्कांनी युरोपच्या फौजेला धूळ चारली त्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि १८२१ला संपतो. सगळ्या जगाचा नकाशा समोर, त्यातलं हवं ते राज्य घ्यायचं. अमुक केलं की जिंकलात, असा काही प्रकार नाही. राज्य टिकवा, वाढवा किंवा घालवा.

भाच्याचा सल्ला होता की पहिल्यांदा ऑटोमन, म्हणजे तुर्कांचं साम्राज्य घ्या, नाहीतर पोर्तुगाल. मी ऐकलं नाही. भुईकोट किल्ल्याच्या तटाखालून रोज ये-जा करणाऱ्या माणसाने बहमनी सोडून पोर्तुगाल का घ्यावं? नकाशावर विजापूर, गुलबर्गा, बिदर दिसलं आणि मी भाळलो. आता मात्र म्हणतो, भाच्याचं ऐकायला हवं होतं. ऑटोमन पहिल्यापासून इतके दणकट असतात की चार चुका पोटात घालतात. पोर्तुगालला समुद्राची पाठ असते आणि इंग्लंडशी दोस्ती आधीपासूनच असते. बहमनीला दक्षिणेत विजयनगर, उत्तरेत माळवा, पूर्वेला ओरिसा. इथे चूक केलीत की तिची किंमत लगेच मोजावी लागते. पन्नास-साठ वर्षं ऑटोमन खेळा, खटके कळले की मग आपल्या मुलखात या.

नवख्याला सगळ्यात उशिरा कळणारी गोष्ट म्हणजे पॉइंट. प्रशासन, राजनीती आणि लष्कर, असे तीन प्रकारचे पॉइंट दर महिन्याला थोडे थोडे जमतात. तीन ठरलेले, त्यात राजाच्या कुवतीप्रमाणे शून्य ते सहा, वर सल्लागाराचे. सोलापूरकराला हे समजावून सांगायला एकच उदाहरण पुरे : नळाचं पाणी. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं. आलेलं पाणी पुढच्या खेपेपर्यंत पुरवायचं असतं, आणि टाकी भरल्यावर नळ चालू ठेवला तर पाणी गटारात जातं. पॉइंटचंही तसंच. पैसे ओतून एकदम विकत मिळत नाहीत आणि ९९९च्या वर साठत नाहीत. त्यातूनच नवं तंत्रज्ञान घ्यायचं (एका पायरीला साधारण सहाशे), त्यातूनच जिंकलेला मुलूख आपलासा करायचा, त्यातूनच सेनापती नेमायचा. मी पहिल्या डावात वर्षाला एक सेनापती नेमत होतो, कारण बटण चमकत होतं. मग लष्करी तंत्रज्ञानाला पॉइंट उरले नाहीत, आणि विजयनगरच्या फौजेने माझ्या सेनापतींसकट माझी वाट लावली. तेव्हा पहिल्याच दिवशी तिन्ही खात्यांना सगळ्यात स्वस्तातला एकेक सल्लागार ठेवा. महिन्याचा पगार टोचतो, पण तो वाचवू नका.

दुसरी खोड म्हणजे लढाईची घाई. लढाई जिंकणं या गेममध्ये फारसं अवघड नाही, जिंकलेलं पचवणं अवघड आहे. घेतलेला प्रांत लगेच आपला होत नाही. त्यासाठी प्रशासनाचे पॉइंट भरायचे आणि दोन-तीन वर्षं वाट बघायची. तोवर त्याचा बोजा टक्क्यांत दिसत राहतो. तो शंभराच्या वर गेला की बंडं आणि नाही नाही ती संकटं रांगेत येतात. शिवाय शेजाऱ्यांचा राग वाढतो. ज्याचा मुलूख घेतलात त्याच्या धर्माचे आणि संस्कृतीचे शेजारी जास्त चिडतात. राग पन्नासाच्या पुढे गेला की ते एकत्र येऊन आघाडी बांधतात. तह करतानाच कोण किती चिडणार हे पडद्यावर दिसतं. मी ते आठ महिन्यांतले तीन महिने वाचलंच नव्हतं. मागण्यांच्या यादीत सहा प्रांत टाकायचे आणि मंजूर म्हणायचं, लग्नात पंगतीला बसल्यासारखं. आता एका वेळी दोन, फार तर तीन. आणि कारण नसताना लढाई पुकारू नका. आधी हेर पेरून प्रांतावर हक्क तयार करा, नाहीतर राज्याचं स्थैर्य एकदम दोन पायऱ्या खाली येतं.

आता पैशाचं. हे मला जमायला हवं होतं. शांततेच्या काळात फौजेचा खर्च एका पट्टीने कमी करता येतो आणि तिजोरी पटकन भरते. मी पट्टी तळाला नेली आणि हिशेबनीसाची छाती फुगली. दोन वर्षांनी लढाई पुकारली, पट्टी वर न्यायला विसरलो. तीस हजारांची फौज तुंगभद्रेकडे निघाली, पण अंगात दम नाही. समोर निम्मी फौज होती, तिने पळवून लावली. पट्टी वर नेली तरी फौजेचं मनोबल महिन्या-महिन्याने चढतं. म्हणून लढाईच्या चार-सहा महिने आधी पट्टी वर. नदी ओलांडून किंवा डोंगरात हल्ला केलात तर लढाईच्या फाशांच्या दानातही तोटा होतो, तेव्हा समोरच्याला आपल्याकडे येऊ द्या.

आणि कर्ज घ्यायला घाबरू नका, हे मी कारकुनी रक्ताविरुद्ध जाऊन सांगतोय. लढाईत तीन-चार कर्जं होणारच, जिंकल्यावर तहात रोख रक्कम मागून फेडता येतात. पण कर्ज पाच वर्षांनी डोक्यावर उभं राहतं. तेव्हा मुद्दल नसेल तर नवं काढून जुनं भागवायचं, आणि हे चक्र सुरू झालं की काय होतं ते सोलापुरात कुठल्याही सूतवाल्याला विचारा. गेममध्ये खतावणीही आहे, तिला लेजरच म्हणतात. कोणाची फौज किती, उत्पन्न किती, कर्ज किती, सगळं त्यात. लढाईआधी ती उघडून शेजाऱ्याचं मनुष्यबळ बघा. माझा या गेममधला सगळ्यात आवडता पडदा तोच. यावर भाचा काही बोलत नाही.

सोयरिकीचा भाग मात्र मला अपुरा वाटला. राजघराण्यांत लग्न लावता येतं, संबंध सुधारतात, राजनीतीची एक जागा अडते, एवढंच. आमच्या गावचा इतिहास माहीत असणाऱ्याला हे फिकं वाटणार. सोलापूरच्या किल्ल्यावरून निजामशाही आणि आदिलशाही पिढ्यान्‌पिढ्या भांडल्या. चांदबीबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं तेव्हा हा किल्ला हुंड्यात दिला गेला, आणि त्याच जुळवाजुळवीतून १५६५मध्ये तालिकोटला सुलतान विजयनगरविरुद्ध एकत्र आले. एका लग्नाने दख्खनचा नकाशा बदलला. माझ्या गेममध्ये मी चार लग्नं लावली आणि हाती एक बुरूजसुद्धा आला नाही.

व्यापाराबद्दल तक्रारच आहे. माल एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात वाहत जातो आणि नकाशावरच्या या बाणांची दिशा कायमची ठरलेली. प्रवाह शेवटी व्हेनिस, जेनोआ नाहीतर इंग्लिश खाडीतच जाऊन थांबतो. दख्खनच्या राजाने कितीही मोठं आरमार उभं केलं तरी बाण उलटा फिरत नाही. नवख्याने एवढंच करावं : जिथे आपली राजधानी, त्या केंद्रात वसुली, आणि मागच्या केंद्रातून माल तिकडे ढकलायला एक व्यापारी. बाकीचं शंभर तासांनंतर. नव्या विचारांचंही तसंच. प्रबोधनकाळ १४५०च्या सुमारास इटलीत उगवतो आणि आपल्यापर्यंत यायला पिढ्या जातात, तोवर तंत्रज्ञान महाग पडत राहतं. यावर इलाज आहे. साठवलेले पॉइंट एकाच चांगल्या प्रांताच्या विकासावर ओतले की तो विचार तिथे लवकर रुजतो. हे मला दुसऱ्या डावात १५१० साली कळलं. वेळ गेली होती.

खरेदीचं थोडक्यात सांगतो. मूळ गेम स्टीमच्या सेलमध्ये घ्या, पूर्ण किमतीला नको. डीएलसी, म्हणजे वेगळे पैसे देऊन घ्यायच्या पुरवण्या, ढिगाने आहेत, सगळे मिळून डोळे पांढरे होतात. आधी एकही घेऊ नका. भारतात खेळायचं पक्कं झालं तर २०१८चा ‘धर्मा’ घ्या, त्यात आपल्याकडचं बरंच आहे. महिन्याच्या वर्गणीचीही सोय आहे, सुट्टीत एक महिना घेऊन बघायला ती बरी. माझा लॅपटॉप जुना आहे. मे महिन्यात दुपारी गेम सगळ्यात जास्त वेगावर ठेवला की पंख्याचा आवाज शेजारच्या मागावर मात करायचा. एकदा दुरुस्तीला दिला तर सगळे सेव्ह (साठवलेले डाव) पुसून परत आला, आणि दीडशे वर्षांचं राज्य गेलं. सेव्हची नक्कल पेन ड्राइव्हवर ठेवा.

वेगाचे पाच टप्पे आहेत आणि स्पेसबार दाबला की जग थांबतं. पहिले दहा तास माझं बोट वेगाच्या बटणावर होतं, आता स्पेसबारवर असतं. महिना संपला की थांबा, माऊस प्रत्येक आकड्यावर नेऊन धरा, मागचं कारण उलगडतं. सूतवाला मित्र संध्याकाळी डोकावतो : ‘काय बे, अजून त्या नकाशातच हैस का? काल पण हेच चित्र होतं.’ खरंच तेच होतं. सबंध संध्याकाळ मी फक्त कर्जं फेडत होतो.

हा माझा चौथा डाव. साल १५६२ चालू आहे. बहमनी अजून एकसंध आहे, त्याच्या पाच शाह्या झालेल्या नाहीत. डोक्यावर दोन कर्जं आहेत, ओरिसा रागावलेला आहे, आणि विजयनगरशी तह १५७१पर्यंत आहे.