‘२०डी जेल पॅड’वाली सायकलिंग शॉर्ट घेतली आणि पद्धतशीर फसलो

आधीच सांगतो, लांबलचक झालंय आणि काही गोष्टी जरा नाजूक जागेबद्दलच्या आहेत, पण सायकल चालवणाऱ्यांना त्यात लाजण्यासारखं काही उरलेलं नसतं, म्हणून सरळच लिहितोय.

झालं असं की मी २०० किमीच्या बीआरएमची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईडची, तयारी करत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०० किमी १३ तास ३० मिनिटांत पूर्ण करायचे असतात, रेस नाहीये पण वेळेत पोचावं लागतं, म्हणजे जवळजवळ दिवसभर बूड सीटवरच. माझी जुनी शॉर्ट ४०-५० किमीपर्यंत ठीक होती, त्यापुढे मी दर पाच मिनिटांनी पेडलवर उभा. म्हणलं आता एक चांगली बिब शॉर्ट घेऊनच टाकू, ती खांद्यावरून पट्टे असलेली, कमरेला इलॅस्टिक काचत नाही आणि बुडाखाली आतून शिवलेलं पॅडही जागचं हलत नाही.

दोन दिवस फोनवर शोधाशोध केली आणि मग जिकडे बघावं तिकडे शॉर्टच्याच जाहिराती. त्यातली एक एका नावाजलेल्या कंपनीच्या बिब शॉर्टची (नाव घेत नाही, त्यांची यात काहीच चूक नाही, त्यांच्या नावावर दुसऱ्याच कुणीतरी धंदा केलाय). गोदाम बंद करतोय, शेवटचा स्टॉक, मूळ किमतीच्या जेमतेम पाव किमतीत. वर उलटं पळणारं घड्याळ, दोन तास चौदा मिनिटं शिल्लक. मी संध्याकाळी परत उघडून बघितलं तेव्हाही दोन तास चौदा मिनिटंच शिल्लक होती, आणि तरीही मला काही खटकलं नाही, ही माझी अक्कल.

मला खरी भुरळ घातली ती ‘२०डी जेल पॅड’ या शब्दांनी. फोटोत पॅड हे एवढं जाड, दोन बोटं तरी, त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी. आपला साधा हिशोब, गादी जाड तितकी झोप चांगली, तसंच पॅड जाड तितकं बूड सुखी. आता कळतंय की या ‘डी’ला कसलंही ठरलेलं माप नाही, आधी ३डी लिहायचे, मग ५डी झालं, मग ९डी, आता २०डी, उद्या ५०डी येईल, कुणी कुणाला विचारतंय. सुरुवातीला त्याचा अर्थ पॅडला उंचसखल आकार दिलाय एवढा तरी होता, आता नुसता आकडा फुगवणं चालू आहे.

पार्सल आलं तीन आठवड्यांनी. पिशवीवर स्टिकर एल, आत शिवलेल्या लेबलवर एम, आणि त्याच्याखाली अजून एक लेबल कात्रीने कापून टाकल्याची दोन मिलिमीटरची पट्टी. हे मी तेव्हाच बघितलं होतं बरं का. पण घालून बघितली तर बसली, उभं राहिल्यावर जरा सैलच वाटली, म्हणलं चला, आरामदायक आहे. इथेच पहिली चूक. चांगली बिब उभं राहिल्यावर पुढून ओढल्यासारखी वाटते, खांदे खाली खेचते, आणि हँडलवर वाकलात की मगच बरोबर बसते, कारण ती वाकलेल्या माणसासाठीच शिवलेली असते. उभं असताना जी पायजम्यासारखी मस्त वाटते ती सायकलवर पोटाशी गोळा होते आणि पॅड आत सरकत राहतं.

पहिली राईड २० किमीची केली. काय सांगू, स्वर्ग! सोफ्यावर बसल्यासारखं. घरी येऊन लगेच त्या साईटवर पाच स्टार देऊन टाकले, वर लिहिलं ‘वर्थ इट’. माझा तो रिव्ह्यू बघून अजून कितीजण बुडाले असतील देव जाणे, कारण तो नंतर मला काढताच आला नाही.

आता यातली खरी गोम सांगतो. वाईट शॉर्ट पहिल्या तासात वाईट वाटतच नाही. उलट चांगलीपेक्षा चांगली वाटते. मऊ स्पंज पहिल्या तासात बुडाला मस्त सामावून घेतो, मग हळूहळू दबत जातो आणि तिसऱ्या तासाला तुम्ही निव्वळ कापडावर बसलेले असता. आणि तोपर्यंत तुमचा संशय शॉर्टवर जातच नाही, कारण शॉर्ट तर ‘चांगली’ आहे हे तुम्ही आधीच ठरवून बसलेले असता! संशय जातो सीटवर, सीटच्या उंचीवर, स्वतःच्या वजनावर, वयावर.

माझं तेच झालं. ७० किमीला बसायच्या हाडांखाली आग. म्हणलं सीट उंच असेल, पाच मिलिमीटर खाली घेतली. मग गुडघे दुखायला लागले, परत वर. मग सीटचं नाक जरा खाली केलं, तर पुढे घसरायला लागलो आणि सगळा भार हातांवर, तळहात बधिर. मग सीटवर चढवायचं जेलचं कव्हर आणलं, ते तर भयंकर, मऊवर मऊ झालं की हाडं आत रुततात आणि मधला भाग वर येऊन नेमका जिथे नसा आणि रक्तवाहिन्या आहेत तिथेच दाबतो, एका राईडला अर्धा तास पुढचा भाग चक्क बधिर होता. (हे होत असेल तर ‘सवय होईल’ म्हणून अंगावर काढू नका, मी काढलं, तो गाढवपणा होता.) शेवटी माझी चांगली तीन वर्षं वापरलेली सीट ग्रुपमधल्या एका मित्राला स्वस्तात विकून टाकली आणि नवीन घेतली. दुखणं जसंच्या तसं. वर मांडीच्या आतल्या बाजूला शिवण घासून घासून लाल पट्टा, आणि घामाने दोन गळवं. आठवडाभर सायकल बंद आणि ऑफिसात खुर्चीवर तिरका बसून काम.

एका तासाला पाच हजारांच्या आसपास पेडल फिरतं हो, मिनिटाला ८५ धरले तर ५१००. दहा तासांत ५१ हजार वेळा ती शिवण त्याच जागेवरून जाणार. खडबडीत शिवणीचं काय होतं ते तुम्हीच बघा.

उलगडा झाला तो एका राईडच्या थांब्यावर. आमच्यातले एक दादा आहेत, हजार किमीच्या राईड केलेले, मी रडगाणं गात होतो तर म्हणाले, "सीटचं सोड, तुझी शॉर्ट दाखव." मी म्हणलं, "दादा, घातलीये ती." म्हणाले, "दुसरी आहे ना बॅगेत, ती दे." मोठ्या राईडला पुरावी म्हणून मी हौसेने दोन मागवल्या होत्या, त्यातली धुतलेली दिली. त्यांनी पॅड दोन बोटांत धरलं, जिथे बसायची हाडं येतात तिथे, आणि अंगठ्याने दाबलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे बघ, माझा अंगठा आणि बोट भेटले." मी दाबून बघितलं, खरंच, मधे काहीच नाही, पलीकडच्या बोटाचं नख जाणवत होतं. मग स्वतःच्या बॅगेतली काढली, पाच-सहा वर्षं जुनी, रंग उडालेली, पॅड माझ्या निम्म्याने बारीक. दाबलं तर रबरासारखं घट्ट, अंगठा आत जातो पण तळाला लागत नाही, सोडलं की लगेच वर. "जाडी नाही बघायची रे, घट्टपणा बघायचा. आणि ते सगळीकडे सारखं नसतं, हाडांखाली घट्ट, कडेला पातळ, मधे खोलगट."

घरी येऊन ब्लेडने पॅड फाडलं. बायको म्हणाली, "अहो, पैसे परत मागायचेत ना, मग फाडताय कशाला?" बरोबर होतं तिचं, पण राग आवरेना. आत जेल नावाला नाही. एकच करडा स्पंज, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच जाडीचा, टीव्हीच्या खोक्यात कोपऱ्याला लावतात ना तसला. ती पोळ्याची नक्षी वरच्या कापडावर गरम साच्याने दाबलेली. सात-आठ धुण्यांत नवीन पॅडची दोन बोटं जाडी बोटभरावर आलेली. आणि सगळ्यात कहर म्हणजे पॅड शिवलंय दोन-अडीच सेंटिमीटर पुढे, म्हणजे वाकून बसलं की माझी हाडं पॅडच्या मागच्या कडेवर. शिवण साधी, उभी, जाड धाग्याची. चांगल्या शॉर्टमध्ये दोन्ही कापडं एकमेकांशेजारी सपाट जोडतात, बोट फिरवलं तर उंचवटा जवळजवळ लागत नाही.

लांब राईडच्या पॅडमध्ये हाडांखालच्या फोमची घनता घनमीटरला १०० किलोच्या पुढे, १२० वगैरे असते आणि पॅड बनवणारे ती लिहितात. बरेच मोठे ब्रँड पॅड स्वतः बनवतही नाहीत, इटलीतल्या इलॅस्टिक इंटरफेससारख्या खास पॅडच बनवणाऱ्यांकडून घेतात, आणि तसं असलं तर पॅडवर त्यांचं नाव असतं. माझ्या पॅडवर कुणाचंच नाव नव्हतं. एकेकाळी तर पॅडच्या जागी युरोपातल्या शॅमॉय नावाच्या डोंगरी प्राण्याचं कातडं लावायचे, लोकरीच्या शॉर्टला, धुतलं की ते कडक व्हायचं म्हणून क्रीम चोळायचे, त्यावरून अजून आपण पॅडला शॅमी म्हणतो. ते कातडंसुद्धा माझ्या २०डीपेक्षा बरं असेल.

आता पैशांचं. खरी लुबाडणूक तिथे होते, नीट वाचा. मी मेल टाकला. पहिलं उत्तर, हा आतल्या कपड्यांचा प्रकार आहे, सील उघडलं की परत घेता येत नाही. मी म्हणलं सील उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळणार कसं? दोन दिवसांनी उत्तर, ठीक आहे, परत पाठवा, पत्ता परदेशातला, पाठवायचा खर्च तुमचा, आणि तो खर्च शॉर्टच्या किमतीपेक्षा जास्त. मग मी चिडून लिहिलं तर एकदम गोड भाषा, ‘प्रिय मित्रा’, तुम्ही शॉर्ट ठेवा, आम्ही १५ टक्के परत करतो. मी नाही म्हणलं. २० टक्के. नाही. मग चार दिवस गायब. मग ३० टक्के, आणि सोबत एक लिंक, ‘तक्रार मिटली’ असं बटण दाबा म्हणजे लगेच पैसे सुटतील.

मी दाबलं. कंटाळलो होतो, म्हणलं जे मिळतंय ते पदरात पाडून घेऊ.

३० टक्के आलेही. मग दादांचं ऐकून मी ओरिजिनल कंपनीच्या कस्टमर केअरला लेबलचे आणि शिवणीचे फोटो पाठवले, त्यांनी दुसऱ्याच दिवशी लेखी कळवलं की हा माल आमचा नाही, नकली आहे. ते घेऊन बँकेत कार्डचा व्यवहार उलटवायचा अर्ज केला. नकली माल असेल तर बँका ऐकतात, ते वेगळं कारण म्हणून धरतात. पण विक्रेत्याने माझ्या बटणाचा पुरावा पुढे केला, ग्राहकाने तडजोड मान्य केलेली आहे. वर त्या सगळ्या चार-चार दिवसांच्या गप्प बसण्यात अर्जाची मुदतही संपत आलेली. ते उशिरा उत्तर देतात ते आळसाने नाही, मुदत घालवायला. अर्ज फेटाळला.

तेव्हा ज्यांनी अशा जाहिरातीतून मागवलीये आणि पार्सल यायचंय त्यांनी पिशवी उघडतानाच व्हिडिओ काढा, टॅग काढू नका, आतून अंगठ्याने दाबून बघा, शिवणीवरून बोट फिरवा, घालून (आत चड्डी ठेवून, परत करायची असेल तर) सायकलवर बसून वाका आणि पॅडची मागची कड हाडांच्या मागे येतीये का ते हाताने चाचपा. बाकी एरवी या शॉर्टच्या आत चड्डी घालायची नसते हे सांगायला नको. गडबड वाटली तर त्यांच्याशी घासाघीस करत बसू नका, एक लेखी तक्रार, एक आठवडा वाट, आणि थेट बँक. टक्क्यांची ऑफर घेऊ नका आणि कुठलंही बटण दाबू नका. अजून मागवलीच नसेल तर जाहिरातीतला फोटो गूगलवर उलटा शोधून बघा, माझ्या जाहिरातीतला तोच माणूस तीच शॉर्ट घालून चार वेगवेगळ्या नावांच्या साईटवर उभा होता.

मी नंतर दुकानात जाऊन, वाकून, दाबून, दोन साईज घालून बघून एक घेतली. पॅड बघायला अगदीच बारीक, पहिल्या १० किमीला वाटलं परत फसलो. १४० ला उतरलो तेव्हा आठवलं की अरे, आज बुडाचा विचारच आला नाही डोक्यात.

फक्त आता ही नवीन सीट मला टोचायला लागलीये, जुनीच बरोबर होती. मित्राला म्हणलं दुप्पट पैसे घे पण ती परत दे. तो म्हणतो, सोड रे, एवढी कम्फर्टेबल सीट मी जन्मात बघितली नव्हती.