श्रवण-नसेवरील गाठ: गॅमा नाइफ की कवटी उघडून शस्त्रक्रिया?

व्हेस्टिब्युलर श्वानोमा ही श्रवण-नसेवरील गाठ कर्करोगाची नसते, त्यामुळे निर्णयाला सहसा वेळ मिळतो. स्वीडनचे मेंदू-शल्यचिकित्सक लार्स लेक्सेल यांनी 1951 मध्ये मांडलेल्या रेडिओसर्जरीच्या, म्हणजे कवटी न उघडता किरणांनी उपचार करण्याच्या, कल्पनेतून घडलेल्या गॅमा नाइफमध्ये कोबाल्ट-60 चे सुमारे 200 किरण एकाच बिंदूवर एकवटतात. प्रत्येक किरण क्षीण असल्याने वाटेतल्या मेंदूला फारशी इजा होत नाही आणि रुग्ण बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. मात्र गाठ नाहीशी होत नाही, बहुधा तिची वाढ थांबते किंवा ती काहीशी आकसते, आणि पुढे अनेक वर्षे एमआरआय करावे लागतात, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवे. शस्त्रक्रियेने गाठ काढता येते, पण चेहऱ्याच्या नसेला धोका अधिक असतो. तरीही 3 सेंटिमीटरहून मोठी गाठ मस्तिष्कस्तंभ (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा भाग) दाबत असेल, तर माझ्या मते शस्त्रक्रियाच योग्य ठरते.