गुलाबाच्या स्पर्धेतल्या फोटोंसाठी कॅननची १०० एमएम मॅक्रो: खरं काम अर्ध्या मीटरच्या पुढे

घरचे गुलाब आणि त्यांचेच फोटो स्पर्धेला, असा छंद लागला की मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठा फोटो काढणारी) घ्यावी का, हा प्रश्न येतोच. मी कॅननची ईएफ १०० एमएम एफ/२.८ एल मॅक्रो आयएस यूएसएम वापरते. लेन्स तशी जुनी, २००९ सालची. तिच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, पण ते बहुतेक किडे-फुलपाखरं टिपणाऱ्यांनी. गुलाबवाल्यांचा हिशेब वेगळा असतो, म्हणून हा अभिप्राय.

मॅक्रो म्हटलं की सगळे आधी १:१ सांगतात, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराइतकी उमटते. आता चांगलं पोसलेलं हायब्रीड टीचं (लांब देठावर एकेकटं मोठं फूल देणाऱ्या गुलाबाचं) फूल घ्या, १० ते १२ सेंटिमीटर व्यासाचं. फुल-फ्रेम (जुन्या ३५ एमएम फिल्मएवढ्या) सेन्सरची उंची २४ मिलिमीटर. भोवती थोडी मोकळी जागा सोडून फूल बसवायचं, तर सेन्सरवर ते १८ ते २० मिलिमीटरच भरतं. म्हणजे खऱ्या आकाराच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकं. स्पर्धेतल्या ‘एक फूल’ गटासाठी १:१ च्या आसपाससुद्धा जावं लागत नाही. तरीही ही लेन्स घ्यावी असं मी म्हणते. त्याची कारणं वेगळी आहेत, आणि ती सगळी अंतराशी जोडलेली आहेत.

परीक्षक हायब्रीड टी बघतात तेव्हा फूल अर्धं ते पाऊण उमललेलं हवं, मधला शेंडा उंच हवा, पाकळ्या त्याच्याभोवती सारख्या वळत गेलेल्या हव्यात आणि बाहेरचा घेर गोल हवा. कॅमेरा फुलाच्या अगदी तोंडाशी नेला की जवळची पाकळी फुगते, मागच्या पाकळ्या आकसतात आणि घेर वेडावाकडा दिसायला लागतो. फूल उत्तम असूनही फोटोत त्याचं रूप बिघडतं. मोबाइलने जवळून काढलेल्या गुलाबांत हे हमखास दिसतं. ही लेन्स लावली की मी फुलापासून साधारण ६०-७० सेंटिमीटरवर असते. तिथून शेंडा शेंड्याच्या जागी राहतो आणि ‘जेमिनी’ जातीसारख्या रेखीव फुलाचा घेर डोळ्यांना दिसतो तसाच गोल येतो.

अंतराचा दुसरा फायदा वाफ्यात काम करणाऱ्यालाच कळेल. ६० एमएमच्या लेन्सने हीच फ्रेम घ्यायची तर झुडपात वाकावं लागतं. बाही काट्यात अडकते, फांदी हलते, दव गळून पडतं आणि फुलावर आपलीच सावली येते. १०० एमएमने यातलं काही होत नाही. मात्र लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हीच लेन्स १६० एमएमइतकी अरुंद दिसते आणि तेवढ्याच फुलासाठी जवळजवळ मीटरभर मागे सरावं लागतं. दाट लावलेल्या वाफ्यात मागे सरायला तेवढी जागा आहे का, ते लेन्स घेण्याआधी प्रत्यक्ष उभं राहून बघावं.

लेन्सच्या अंगावर फोकसची मर्यादा ठरवणारं एक बटण आहे, तीन जागांचं: पूर्ण पल्ला, ०.३ ते ०.५ मीटर, आणि ०.५ मीटरपासून अनंतापर्यंत. माझ्या मते गुलाबवाल्यांसाठी या लेन्सवरची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. मोठं फूल, झुपका, पूर्ण फांदी हे सगळं तिसऱ्या जागेत बसतं. बटण तिथे ठेवलं की ऑटोफोकस जवळच्या अंतरात उगाच शोधाशोध करत नाही. ‘मिस्टर लिंकन’सारख्या गडद, मखमली पाकळीवर कुठलाही ऑटोफोकस चाचपडतो, कारण त्या सपाट रंगात धरायला रेघच नसते. अशा वेळी फोकसचा ठिपका पाकळीच्या वळलेल्या कडेवर ठेवायचा. कडेला उजेड-अंधाराची सीमा मिळते आणि लेन्स लगेच थांबते. शेवटचा बारीक फरक मी हाताने करते. त्यासाठी बटण बदलावं लागत नाही, ऑटोफोकस चालू असतानाही फोकसची कडी फिरवता येते. कडी रुंद आहे आणि तिची चाल मऊ आहे.

आता छिद्राबद्दल (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेक फोटो इथेच पडतात. एफ/२.८ ला मागचा भाग सुंदर विरघळतो आणि तिथेच थांबण्याचा मोह होतो. पण पाचव्या हिश्श्याच्या आकारात, फुल-फ्रेमवर, एफ/२.८ ला स्पष्ट येणारा थर अवघा ५ मिलिमीटरचा असतो. प्रदर्शनी फुलाचा शेंडा आणि पुढची पाकळी यांत सहज ३ सेंटिमीटरचं अंतर पडतं. म्हणजे शेंडा स्पष्ट तर पाकळी धूसर. एफ/११ ला हा थर साधारण २ सेंटिमीटर होतो, एफ/१६ ला जेमतेम ३. पण एफ/११ च्या पुढे विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे) बारीक तपशील बोथट व्हायला लागतात, म्हणून मी एफ/११ वर थांबते आणि फोकस शेंड्याच्या किंचित पुढे धरते. पुढच्या पाकळीची कड आणि शेंडा दोन्ही सांभाळले गेले की मागच्या पाकळ्या थोड्या मऊ आल्या तरी फोटोचा तोल जात नाही. वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे, पण काही स्पर्धांना असे जोडफोटो चालत नाहीत. आधी नियमपत्रक वाचा.

एफ/११ केलं की मागचा भाग दिसायला लागणार, ही भीती साहजिक आहे. इथे पुन्हा १०० एमएमच मदतीला येते. तिचा कोन अरुंद आहे, त्यामुळे वीतभर डावीकडे सरकलं तरी मागचा आभाळाचा पांढरा तुकडा जाऊन तिथे गडद झाडोरा येतो. मागचं झुडूप दीड-दोन मीटर लांब असलं की एफ/११ लासुद्धा नुसता हिरवा रंग उरतो. छिद्राची पाती नऊ आहेत आणि त्यांचा घडवलेला आकार जवळजवळ गोल राहतो, म्हणून मागच्या पानांवरचे दवाचे ठिपके टोकेरी दिसत नाहीत.

आयएस म्हणजे हाताची थरथर सावरणारी यंत्रणा. या लेन्समधली हायब्रीड पद्धतीची आहे. कॅमेरा तिरका होणं आणि आडवा-उभा सरकणं, दोन्ही ती सावरते, आणि जवळच्या फोटोंत सरकणंच जास्त त्रास देतं. कंपनी नेहमीच्या अंतरावर ४ स्टॉपचा आणि १:१ ला २ स्टॉपचा फायदा सांगते (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याची पायरी). सकाळच्या मऊ उजेडात, पाकळ्या पाण्याने भरलेल्या असताना, मी तिच्या भरवशावर ट्रायपॉडशिवाय वाफ्यात फिरते आणि कोन शोधते. कोन सापडला की ट्रायपॉड लावते आणि आयएस बंद करते. पण नीट समजून घ्या, ही यंत्रणा तुमचा हात सावरते, वाऱ्यावर डुलणारं फूल सावरत नाही. लांब देठाचं फूल जराशा झुळकेनेही फ्रेममधून बाहेर जातं. फुलाच्या खाली, फ्रेमच्या बाहेर, देठाला काडीचा आधार द्या, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवा आणि शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या वर ठेवा. थोडा दाणेदारपणा छपाईत खपून जातो, हललेली पाकळी खपत नाही.

लाल रंगाचा प्रश्न लेन्सचा नाही, तरी लाल गुलाब फोटोत सपाट येतो म्हणून लेन्सला दोष दिलेला मी ऐकलाय. गडद लाल फुलात सेन्सरची लाल वाहिनी (लाल रंगाची नोंद) एकटीच भरून वाहते आणि पाकळीवरच्या शिरा, घड्या सगळ्या पुसल्या जातात. कॅमेऱ्याचा एकत्रित आलेख (उजेडाची नोंद दाखवणारा हिस्टोग्राम) ठीक दिसतो, कारण हिरवा आणि निळा अजून खालीच असतात. आलेख तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा आणि लाल टोकाला चिकटला असेल तर उजेड पाऊण स्टॉप तरी कमी करा. ‘आइसबर्ग’सारख्या पांढऱ्या फुलाचं उलट असतं. फूल फ्रेमभर असलं तर कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर त्याला करडं करून टाकतो, तिथे उजेड अर्धा-पाऊण स्टॉप वाढवावा लागतो. ‘डबल डिलाइट’मध्ये मलईसारखा मध्य आणि लाल कडा एकाच फुलात असतात. त्याचा फोटो उघड्या भर उन्हात काढू नये. पांढरं पातळ कापड उन्हाच्या आड धरलं की दोन्ही रंग सांभाळले जातात.

पानांकडे फार कमी लोक बघतात. तुकतुकीत पानावर आभाळाची चकाकी पडते आणि निरोगी पानही फोटोत पांढरट, रोगट वाटतं. लेन्सच्या तोंडाचा आटा ६७ एमएमचा आहे, त्याला बसणारा पोलरायझर (चकाकी कापणारी काच) घ्यावा. दीड-दोन स्टॉप उजेड खातो, पण पानं परत हिरवी होतात.

१:१ कधी वापरावा? माझ्याकडे ‘डेंटी बेस’ आहे, १९२५ सालचा, पाच पाकळ्यांचा फिका गुलाबी. त्याचे केसर गडद किरमिजी असतात आणि असं दृश्य गुलाबात क्वचित दिसतं. केसरांच्या फोटोसाठी बटण ०.३ ते ०.५ मीटरवर आणि ट्रायपॉड अनिवार्य, कारण १:१ ला एफ/११ वरसुद्धा स्पष्ट थर दीड मिलिमीटरपेक्षा कमी असतो. कॅमेरा केसरांच्या पातळीला अगदी समांतर धरला तरच सगळी टोकं एकत्र स्पष्ट येतात. पूर्ण उमललेल्या फुलांच्या आणि कल्पक छायाचित्रणाच्या गटांत असे फोटो शोभतात. त्यात केसर ताजे हवेत, एकदा काळे पडले की तो फोटो सोडून द्यावा.

तक्रारी आहेत. ट्रायपॉडची कडी सोबत मिळत नाही, वेगळी घ्यावी लागते. गुलाबाचे निम्मे फोटो उभे असतात आणि कडी नसेल तर दर वेळी कॅमेरा कलता करून ट्रायपॉडचं डोकं पुन्हा जुळवावं लागतं. माझं स्पष्ट मत, कडीचा हिशेब लेन्सबरोबरच धरा. वजन ६२५ ग्रॅम, ते हातात जाणवतं, पण तासभर फिरायला अडचण नाही. धूळ-पाण्यापासून बचावाची रचना आहे, त्यामुळे दवात भिजलेल्या झुडपांत शिरताना धास्ती वाटत नाही. सोबत येणारा हुड मोठा आहे. तो मी ढगाळ हवेतही काढत नाही, कारण पुढच्या काचेला काटा लागण्यापासून तो वाचवतो.

फ्रेमबद्दल एक सूचना, कुठल्याही लेन्सला लागू. प्रिंट ८ × १० इंची मागितली असेल तर ३:२ च्या फोटोतला लांबीचा सहावा हिस्सा कापला जातो. शेंड्याच्या वर आणि खालच्या पानाच्या खाली तेवढी जागा आधीच सोडा.

२०२१ साली आलेली आरएफ माउंटची (कॅननच्या मिररलेस कॅमेऱ्यांना बसणारी) १०० एमएम मॅक्रो १.४ पटीपर्यंत जाते. मिररलेस कॅमेरा असून केसर, परागकण, पाकळीच्या पेशींसारखी पोत यांत रमणाऱ्यांनी तिचा विचार करावा. पण तुमचं मन फुलाच्या रूपात असेल, तर ती जादा पट तुमच्या फारशी कामाची नाही. जुनी ईएफ लेन्स अडॅप्टर लावून मिररलेसवर नीट चालते. वापरलेली मिळाली तर घ्यायला हरकत नाही. घेताना आयएस चालू करून आवाज ऐका, मर्यादेचं बटण तिन्ही जागांवर फिरवून बघा आणि पुढची काच उजेडात तिरकी धरून तपासा.